आरोग्य सर्वेक्षणाचं विश्लेषण: ठाण्याचा जिल्हा आकडा, आपले प्रभाग, वेट आणि क्लस्टर

घोडबंदर_विदा

ठाणे महापालिकेच्या कळवा, मुंब्रा, दिवा आणि माजिवडा-मानपाडा या चार प्रभाग समित्यांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचं सर्वेक्षण करायचं घाटतंय. बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि गरोदरपणातल्या तपासण्यांचे प्रश्न, एवढाच आवाका आहे. प्रश्नावली जवळपास तयार आहे. आकडेशास्त्राच्या बाजूने तीन गोष्टी अडल्या आहेत.

एक, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (एनएफएचएस) ठाणे जिल्ह्याचा आकडा आधाररेषा म्हणून धरता येईल का? चौथ्या फेरीतून पाचव्या फेरीत झालेला बदल दाखवावा असं काहींचं म्हणणं आहे.

दोन, प्रत्येक प्रभाग समितीचा वेगळा आकडा हवा असेल तर किती स्त्रिया आणि किती क्लस्टर (जवळजवळच्या घरांचे निवडलेले गट)?

तीन, विश्लेषण एक्सेलमध्ये सरळ टक्केवारी काढून भागेल का, की आर किंवा स्टेटा ही आकडेशास्त्राची सॉफ्टवेअर लागतीलच?

---

नेरुळ_नमुना

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे बरेच अहवाल घसरतात.

चौथी फेरी २०१५-१६ची. तिचे जिल्हे २०११च्या जनगणनेतले, म्हणजे देशभरात ६४०. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, पण चौथ्या फेरीतलं 'ठाणे' हे जुनंच अखंड ठाणे आहे. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्हे आहेत आणि ठाणे व पालघर वेगवेगळे. २०११ला अखंड ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्यातले जवळपास ३० लाख आता पालघरचे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हे आदिवासीबहुल तालुके एका आकड्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. त्यामुळे दोन फेऱ्यांतला फरक हा आरोग्यातला बदल की नकाशातला, हे त्या दोन आकड्यांवरून कळणार नाही.

तुलना करायचीच असेल तर उलट बाजूने करा. पाचव्या फेरीच्या मूळ विदेत (घराघरांच्या कच्च्या नोंदींत) ठाणे आणि पालघर एकत्र करून, वेट (एक नोंद किती जणींच्या वतीने मोजायची तो आकडा) लावून, जुन्या ठाण्याएवढा प्रदेश तयार करा आणि तो चौथ्या फेरीच्या ठाण्याशी ताडून पाहा. जिल्हा पत्रकातल्या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊन हे होत नाही, लोकसंख्या सारखी नाही.

आणखी एक. पाचव्या फेरीत महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता. त्या टप्प्याचं क्षेत्रकाम १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० या काळात झालं, म्हणजे कोविडच्या आधी. अहवालावर '२०१९-२१' छापलंय म्हणून तो कोविडकाळातला आकडा समजू नका.

---

ऐरोली_सेक्टर८

@नेरुळ_नमुना, नवी मुंबईपुरता आकडा त्यातून काढता येईल का? बेलापूर ते दिघा असे आठ विभाग, निदान पालिकेचा एकत्रित तरी?

---

नेरुळ_नमुना

नाही. जिल्हा हा एनएफएचएसचा सर्वांत लहान विश्वासार्ह तुकडा आहे. विदेत पालिका किंवा प्रभाग असा रकानाच नसतो. क्लस्टरचे जीपीएस बिंदू मिळतात, पण गोपनीयतेसाठी ते मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी बिंदू २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणमधले सुमारे एक टक्का १० किलोमीटरपर्यंत. वाशी, तुर्भे, कोपरखैरणे एकमेकांना इतके खेटून आहेत की २ किलोमीटरमध्ये बिंदू शेजारच्या विभागात जाऊन पडतो. शिवाय लोक ज्याला नवी मुंबई म्हणतात त्यातलं खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. त्या घरांचा ठाण्याच्या आकड्याशी संबंधच नाही.

फे आणि हेरियट यांनी १९७९मध्ये मांडलेली लहान क्षेत्रांच्या अंदाजाची पद्धत इथे कुणीतरी सुचवेल. पद्धत उत्तम आहे, पण तिला प्रत्येक विभागाची ताजी पूरक माहिती लागते. २०११च्या जनगणनेवर २०२०नंतरचा घणसोली विभाग उभा केला तर मॉडेल सुबक दिसेल आणि उत्तर शिळं येईल.

---

कळवा_अपर्णा

नमुन्याच्या आकाराचं मी लिहिते. सगळी आकडेमोड उघडी ठेवते, म्हणजे गृहीतक बदललं की कुणालाही पुन्हा करता येईल.

समजा रक्तक्षयाचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास धरलं (पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या स्त्रियांत ते ५४.२ टक्के होतं, त्यामुळे गैर नाही) आणि प्रत्येक प्रभाग समितीत ±७ टक्केबिंदू चालणार असतील. साध्या यादृच्छिक नमुन्याला लागतात १.९६² × ०.२५ ÷ ०.०७² = १९६ स्त्रिया.

पण आपण साधा नमुना घेत नाही, क्लस्टर घेतो. एका चाळीतल्या, एका टॉवरमधल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात. किती सारख्या, ते ρ सांगतो. त्यामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो, तो डिझाइन इफेक्ट = १ + (m − १) × ρ, यात m म्हणजे एका क्लस्टरमधल्या स्त्रिया. ρ ०.०५ आणि m १२ धरला तर १ + ११ × ०.०५ = १.५५. म्हणजे १९६ × १.५५ ≈ ३०४. प्रतिसाद ८५ टक्के धरला तर ३०४ ÷ ०.८५ ≈ ३५८. म्हणजे एका प्रभाग समितीत ३० क्लस्टर × १२ = ३६० स्त्रिया. चार समित्यांचे १२० क्लस्टर, १,४४० स्त्रिया.

आता खर्च वाचवायला कुणी म्हणेल, '३० क्लस्टर कशाला, १० घेऊ आणि प्रत्येकी ३६ स्त्रिया.' बेरीज तीच ३६०. पण डिझाइन इफेक्ट १ + ३५ × ०.०५ = २.७५ होतो. प्रतिसाद दिलेल्या ३०६ स्त्रियांची किंमत ३०६ ÷ २.७५ ≈ १११ स्त्रियांएवढीच उरते आणि ±७चं ±९.३ होतं. मेहनत तेवढीच, हाती कमी. पैसे कमी असतील तर क्लस्टरमधली घरं कमी करा, क्लस्टर नकोत.

ρ सगळ्या प्रश्नांना सारखा नसतो. हिमोग्लोबिनला तो लहान असतो. पाणी, शौचालय, कोणत्या दवाखान्यात जाता, असल्या प्रश्नांना खूप मोठा, कारण अख्ख्या वस्तीचं उत्तर एकच असतं. तुमचा मुख्य निर्देशांक कोणता ते ठरवून त्याचा ρ घ्या.

घरांचं गणित: पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, म्हणजे कुटुंबामागे सरासरी १.१४. त्या हिशेबाने १२ स्त्रियांसाठी क्लस्टरमागे साधारण ११ घरं निवडावी लागतील. घरातल्या सगळ्या पात्र स्त्रिया घ्या. एकीलाच घ्यायचं ठरवलं तर ती चिठ्ठीने निवडा आणि तिचं वेट घरातल्या पात्र स्त्रियांच्या संख्येने गुणा. दार उघडायला आली तीच घेतली, तर सकाळी लोकल पकडून कामाला गेलेली तुमच्या सर्वेक्षणात कधीच दिसणार नाही.

---

डॉ_कोपरी

३० × ७ (३० क्लस्टर, प्रत्येकी ७ मुलं) ही लसीकरण मोजायची जुनी पद्धत पुरेल का, असं आमच्याकडे दर वेळी विचारलं जातं. तिचं गणितही याच सूत्राचं आहे: ±१० टक्केबिंदू, ५० टक्के प्रमाण, डिझाइन इफेक्ट २. ९६ × २ = १९२, ३०ने भागले की ६.४, वर नेले की ७. म्हणजे ती २१० मुलं एका प्रदेशाचा ढोबळ आकडा काढायला आहेत. त्यातून चार प्रभागांची तुलना करू नये. शिवाय चौकातून बाटली फिरवून दिशा ठरवायची आणि मग शेजारशेजारची घरं घ्यायची, या जुन्या रिवाजात कुठल्याही घराच्या निवडीची शक्यता मोजता येत नाही. शक्यता नाही तर वेट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेतही आता घरांची यादी करून संभाव्यतेने निवड करायला सांगितलंय.

---

घोडबंदर_विदा

अपर्णाताई, फार स्पष्ट लिहिलंत, आभार. आमच्याकडे क्लस्टर म्हणून २०११चे जनगणना गट घ्यायचं चाललंय. कासारवडवली, ओवळा पट्ट्यात तेव्हा जे होतं ते आता ओळखू येत नाही. तिथे कसं करावं?

---

नेरुळ_नमुना

इथेच वेटचा खरा उगम आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो. आकडे कल्पित आहेत.

समजा एका प्रभाग समितीत यादीनुसार ६०,००० कुटुंबं आहेत आणि ३० गट कुटुंबसंख्येच्या प्रमाणात निवडायचेत. तुमच्या हाती आलेल्या एका गटात २०११ला १२० कुटुंबं होती. त्याच्या निवडीची शक्यता ३० × १२० ÷ ६०,००० = ०.०६.

आता तिथे जाऊन नव्याने यादी केली. जुन्या चाळींचा गट असेल तर आजही १२० कुटुंबं. त्यातली ११ घेतली, शक्यता ११ ÷ १२० = ०.०९१७. एकूण शक्यता ०.००५५, वेट १८२.

दुसरा गट घोडबंदर रोडवरचा. तेव्हा १२०, आता दोन टॉवर धरून ४००. त्यातली ११ घेतली, शक्यता ०.०२७५. एकूण ०.००१६५, वेट ६०६.

टॉवरमधली एक स्त्री चाळीतल्या तिघींपेक्षा जास्त जणींच्या वतीने बोलते आहे. वेट न लावता सरळ टक्केवारी काढली तर टॉवर जेमतेम एक तृतीयांश मोजले जातील. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आलं.

म्हणून क्षेत्रकामाच्या वहीत गटागणिक हे लिहिलेलं असलंच पाहिजे: जुनी कुटुंबसंख्या, नवी यादी, निवडलेली घरं, पूर्ण झालेली घरं. यातला एक आकडा हरवला की वेट नंतर कितीही शोधलं तरी मिळत नाही.

गट फार मोठा असेल तर त्याचे तुकडे पाडतात. एनएफएचएसमध्ये ३०० किंवा त्याहून जास्त कुटुंबांच्या गटाचे तुकडे करून दोन निवडतात आणि गटामागे २२ कुटुंबं घेतात. तुम्ही ४००च्या गटाचे चार सारखे तुकडे करून एक घेतलात तर शक्यतेत तो १/४ गुणायचा. हा १/४ विसरणं ही वेटमधली सर्वांत नेहमीची चूक. तो विसरला की त्या क्लस्टरचं वेट चौपट कमी पडतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते तुम्हाला सांगत नाही. ताळा असा घ्या: सगळ्या वेटची बेरीज त्या प्रभागातल्या आजच्या कुटुंबसंख्येच्या जवळ यायला हवी.

२०११नंतर संपूर्णपणे नव्या जागी उभ्या राहिलेल्या वस्त्या, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या हे जुन्या यादीत नीट येत नाहीत. त्यांच्यासाठी पल्स पोलिओच्या सूक्ष्म नियोजनातल्या याद्या नागरी आरोग्य केंद्रातून मागा आणि वेगळा स्ट्रॅटम (ज्यातून स्वतंत्र निवड होते असा विभाग) करा.

---

कळवा_अपर्णा

वेटचा खर्चही सांगायला हवा. वेट जितकी विषम तितका नमुना पातळ होतो. लेस्ली किश यांचं सोपं सूत्र: १ + (वेटचा विचरण गुणांक)², गुणांक म्हणजे प्रमाण विचलन ÷ सरासरी. नेरुळ_नमुना यांच्या उदाहरणात निम्म्या स्त्रियांचं वेट १८२ आणि निम्म्यांचं ६०६ असेल तर सरासरी ३९४, प्रमाण विचलन २१२, गुणांक ०.५३८, म्हणजे सूत्राचं उत्तर १.२९. माझ्या वरच्या १.५५ला हे आणखी गुणलं जाईल. त्यामुळे यादी फार जुनी असेल तर आधी क्लस्टरची धावती मोजणी करून नव्या संख्येवर निवड केलेली परवडते.

बंद दारांबद्दल: मोठ्या सोसायट्यांत गेटवरच अडवतात. पालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र सोसायटीच्या सचिवांना आधी पोचलेलं हवं. किमान तीन फेऱ्या करा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी. बदली घर घेऊ नका. घर मिळालं नाही तर 'मिळालं नाही' असंच नोंदवा आणि त्या क्लस्टरमधल्या पूर्ण झालेल्या घरांचं वेट त्या प्रमाणात वाढवा. मुलाखत दिली पण रक्त द्यायला नकार दिला, हा वेगळा अप्रतिसाद आहे. हिमोग्लोबिनच्या तक्त्यासाठी वेगळं वेट काढा.

---

वाशी_आर

आता सॉफ्टवेअर. एक्सेलमध्ये वेट लावून टक्केवारी बरोबर येईल. चुकेल ती प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती हलू शकतो त्याचं माप), कारण एक्सेलला क्लस्टर माहीत नाहीत. कॉन्फिडन्स इंटर्व्हल (आकड्याभोवतीचे अधिक-उणे पट्टे) नको तेवढे अरुंद येतील आणि नसलेले फरक दिसू लागतील.

आरमध्ये टॉमस लम्ली यांचं 'सर्व्हे' पॅकेज मोफत आहे. डिझाइन एकदाच जाहीर करायचं: क्लस्टरचा रकाना, स्ट्रॅटमचा रकाना, वेटचा रकाना. क्लस्टर क्रमांक प्रत्येक प्रभागात १पासून सुरू होत असतील तर 'नेस्ट' ट्रू ठेवा, नाहीतर कळव्याचा ५ आणि दिव्याचा ५ एकच ठरतात आणि पॅकेज अडून बसतं. स्टेटामध्ये हेच काम 'एसव्हीवायसेट' करतं.

एनएफएचएसची विदा वापरताना व्ही००५ या रकान्यातलं वेट दहा लाखांनी भागा, क्लस्टर व्ही०२१मध्ये, स्ट्रॅटम व्ही०२२मध्ये. पुरुषांची प्रश्नावली आणि घरगुती हिंसाचाराचे प्रश्न फक्त १५ टक्के कुटुंबांत विचारलेले असतात. त्यांची वेट वेगळी आहेत आणि तो आकडा राज्याच्या पातळीवरच वापरायचा. 'ठाणे जिल्ह्यातला हिंसाचार' असा तक्ता कुणी काढला असेल तर त्याचा n (किती जणींवरून काढला ती संख्या) आधी विचारा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक: गरोदर स्त्रियांचं विश्लेषण करायचंय म्हणून बाकीच्या ओळी आधीच उडवून देणं. ज्या क्लस्टरमध्ये एकही गरोदर नव्हती तो क्लस्टर मग हिशेबातून गायब होतो. एखाद्या स्ट्रॅटममध्ये एकच क्लस्टर उरतो आणि 'एकच पीएसयू' (पीएसयू म्हणजे क्लस्टरच) अशी सॉफ्टवेअरची तक्रार येते. आधी पूर्ण विदेवर डिझाइन बांधा, मग त्या डिझाइनचा उपसंच घ्या. स्टेटात 'सबपॉप'. इंटर्व्हल आणि चाचण्यांत लागणारे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) म्हणजे क्लस्टर वजा स्ट्रॅटा, तुमच्याकडे १२० − ४ = ११६. स्त्रिया १,४४० असल्या तरी तो आकडा इथे येत नाही.

प्रमाण अगदी कमी असेल, समजा दोन-तीन टक्के, तर नेहमीचा अधिक-उणे इंटर्व्हल शून्याच्या खाली जातो. त्यासाठी पॅकेजमध्ये लॉजिट किंवा बीटा पद्धत निवडा.

---

डॉ_कोपरी

मोजमापाबद्दल थोडं, कारण चुकीचं मोजलेलं वेट लावून बरोबर होत नाही.

हिमोग्लोबिन: एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत बोटातलं रक्त हिमोक्यू २०१+ यंत्रावर तपासलं. तुम्ही शिरेतलं रक्त प्रयोगशाळेच्या यंत्रावर तपासलंत तर ते जास्त भरवशाचं आहे, पण मग जिल्ह्याच्या आकड्याशी तुलना सोडा, पद्धतच वेगळी. बोट दाबून पिळलं की पेशीद्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं. पहिले दोन थेंब पुसून तिसरा घ्या. क्युव्हेटचा (यंत्रात रक्त घालायच्या छोट्या पट्ट्यांचा) डबा उघडल्यावर झाकण लगेच घट्ट लावा, तारीख लिहा आणि तीन महिन्यांत संपवा. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा उघड्या डब्यातल्या क्युव्हेट खराब करते. पाचव्या फेरीतली रक्तक्षयाची सीमा: गरोदर नसलेल्यांना १२, गरोदर स्त्रियांना ११ ग्रॅम प्रति डेसीलिटर. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची दुरुस्ती ठाण्यात लागू नाही, धूम्रपानाची लागते, म्हणून तो प्रश्न गाळू नका.

रक्तदाब: पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन वेळा, शेवटच्या दोन नोंदींची सरासरी. १४०/९० किंवा वर, किंवा गोळी चालू, असे दोन्ही धरायचे. गोळीवाल्या गाळल्या की उपचार चांगले असलेला प्रभाग खोटाच निरोगी दिसतो. नोंदी आल्या की शेवटचा अंक मोजा. डिजिटल यंत्रावर ०ने संपणाऱ्या नोंदी दहा टक्क्यांच्या आसपास असायला हव्यात. एखाद्या तपासनीसाच्या वहीत त्या ४० टक्के असतील तर यंत्र न वापरता आकडे लिहिले जाताहेत. हे पहिल्या आठवड्यातच पाहा, सर्वेक्षण संपल्यावर उपयोग नाही.

---

ऐरोली_सेक्टर८

मुलांची उंची-वजनही घेतली तर? एनएफएचएसची फाइल उघडून खुजेपणाची सरासरी काढली तर भलतंच उत्तर आलं.

---

वाशी_आर

एचडब्ल्यू७० हा वयासापेक्ष उंचीच्या झेडचा (प्रमाणित उंचीपासून किती प्रमाण विचलनं दूर ते) रकाना १००ने गुणलेला असतो, म्हणजे −२१५ म्हणजे −२.१५. आणि ९९९६, ९९९८ असे संकेतांक त्यात असतात. ते काढले नाहीत तर सरासरी आकाशाला भिडते. आधी ९९९०च्या वरचं सगळं रिकामं करा, मग १००ने भागा. स्वतःची मोजणी असेल तर वयासापेक्ष उंचीचा झेड −६च्या खाली किंवा +६च्या वर गेला की नोंद बाद. मोजमापापेक्षा वय जास्त चुकतं, त्यामुळे जन्मतारीख कार्डावरून घ्या, 'दोन वर्षांचा असेल' यावरून नको.

---

कळवा_अपर्णा

तुलनेचे दोन मुद्दे राहिले.

एका प्रभागात ५० ± ५ आणि दुसऱ्यात ५८ ± ५ आलं. इंटर्व्हल ४५–५५ आणि ५३–६३, एकमेकांवर येतात, म्हणून 'फरक नाही' असं लिहिलं जातं. ते चूक. प्रत्येकाची प्रमाण त्रुटी २.५५, फरकाची √(२.५५² + २.५५²) = ३.६१, आणि ८ ÷ ३.६१ = २.२. फरक आहे. फरकाची चाचणी फरकावरच करायची.

आणि रक्तक्षयासारख्या निम्म्या लोकांत असणाऱ्या गोष्टीला लॉजिस्टिक मॉडेलचा ऑड्स रेशो (असलेल्या ÷ नसलेल्या, यांचं दोन गटांतलं गुणोत्तर) देऊन 'दीडपट धोका' लिहू नका. ६० टक्के विरुद्ध ५० टक्के यात ऑड्स रेशो १.५ येतो, पण प्रमाण १.२ पटच आहे. सर्व्हे पॅकेजमध्ये क्वासी-पॉइसन आणि लॉग लिंक घेतली की प्रमाणाचं गुणोत्तर सरळ मिळतं.

संपत्तीचे पंचमांश एनएफएचएसमधून उचलू नका. ते देशभरच्या घरांवर बेतलेले आहेत. ठाण्यातली घरं वरच्या पंचमांशांत गोळा होतात आणि मुंब्रा-दिव्यातला फरकच दिसत नाही. तुमच्याच नमुन्यावर घटक विश्लेषण करून नवे बनवा. ज्या वस्तू जवळजवळ सगळ्यांकडे आहेत, उदाहरणार्थ मोबाइल, त्या यादीतून गाळा.

---

घोडबंदर_विदा

गरोदर स्त्रिया प्रत्येक प्रभागात फारच थोड्या निघतील असं दिसतंय. तो तक्ता कसा छापावा?

---

नेरुळ_नमुना

एनएफएचएसचाच नियम पाळा. वेट न लावलेली संख्या २५पेक्षा कमी असेल तर टक्केवारीच्या जागी तारांकन, २५ ते ४९ असेल तर आकडा कंसात. संख्या नेहमी वेट न लावलेली बघायची, वेट लावलेली नाही. चारही प्रभागांचा एकत्रित आकडा इंटर्व्हलसकट वर द्या आणि प्रभागनिहाय तक्त्यात गरोदर स्त्रियांची ओळ ठेवूच नका. त्याच तक्त्यात n, वेट लावलेली टक्केवारी, ९५ टक्के इंटर्व्हल आणि डिझाइन इफेक्ट असे चार रकाने असू द्या. पुढच्या वेळी याच प्रभागांत सर्वेक्षण करणाऱ्याला ρ त्यातूनच काढता येईल.